काशीचं उष्टं पाणी

धाकट्या जावेनं वाडीत मडकी पुरायला घेतली, तेव्हा ठकुबाई हसून हसून बांधावर मटकन बसली. डोळ्यांना पदर लावला, पुन्हा बघितलं, पुन्हा हसली.

"काय गो काशे, मडकी पेरतेस? पावसापर्यंत रांजन होतील ना त्यांचे?"

काशीनं मान वर केली नाही. ती हातभर खड्डा खणायची, त्यात मडकं गळ्यापर्यंत पुरायची, भोवतीची माती दाबायची, मडकं पाण्यानं भरायची आणि तोंडावर करवंटी पालथी घालायची. मग मडक्याच्या चार बाजूंना दुधीचं नाहीतर कारल्याचं बी. अशी साठ मडकी तिनं त्या पौषात पुरली.

"माझ्या आयेचं दारात एक असायचं पुरलेलं," ती म्हणाली. "आमच्या मुरबाडच्या वरल्या अंगाला पानी कुठं, जाऊबाई? मडकं झिरपतं, येल पितो. तहान असंल तेवढंच."

"बरं बाय. तू येलांना माठातलं गार पानी पाज. माझी भेंडी गरीब, ती आपली पाटाचंच पिते."

हे बोलणं संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत फिरलं, कारण ठकुबाईनंच ते घरोघरी जाऊन फिरवलं.

आता या दोघींचं थोडं सांगायला हवं. भिवंडीच्या वाटेवरच्या कोन गावापुढं सडक सोडून आत वळलं की त्यांचं गाव. नामा थोरला, रामू धाकटा. बाप गेल्यावर भावांनी वाटणी केली ती अगदी कसून. घरात भिंत घातली, शेतात बांध घातला, पितळेची भांडी एकास एक लावली. विहीर तेवढी कापता येईना. मग पाळी ठरली, एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. रहाटाचा बैलसुद्धा दोघांत एकच. ज्याची पाळी त्याच्या दारात बैल. रामू भिवंडीत नारपोलीला कापडाच्या लूमवर होता, दर आठवड्याला त्याची शिफ्ट बदलायची, त्यामुळं त्याच्या वाट्याची वाडी काशीच्याच अंगावर. आणि नामाच्या वाट्याची वाडी नावाला नामाची. कसायची ती ठकुबाई.

भिवंडीच्या बाजारात ठकुबाईच्या भेंडीला नाव होतं हो. धोंडूबाई गावागावची भाजी घेऊन बाजारात बसायची, तिच्याकडं गिऱ्हाईक येऊन विचारायचं, थोरलीची भेंडी आली का? लूमवरचे भय्ये लोकही "वो मौसीवाली भिंडी" म्हणून मागायचे. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या बाईनं वीस उन्हाळे खपून कमावलेलं नाव ते. आणि काशी? आठ वर्षांमागं आली तेव्हा तिला भाजीची जुडी धड बांधता येत नव्हती. चार शब्द बोलायची तर तीन गिळायची. अशा बाईचा कुणी हेवा करील असं ठकुबाईच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पण त्या साली, म्हणजे बहात्तरच्या कोरड्या पावसाळ्यानंतर, दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या. पाऊस गणपतीच्या आधीच पाय काढून गेला होता. भात निम्मं झालं आणि विहिरीचं पाणी पौषातच दोन पुरुष खाली गेलं. दुसरं म्हणजे लूमच्या शेडी सडकेच्या कडेकडेनं गावाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. नारपोलीचा एक लूमवाला शेठ नामाकडं दोनदा चहा पिऊन गेला. त्याला वाडीचा तुकडा हवा होता. संक्रांतीला तिळाचा लाडू चघळत नामानं सांगून टाकलं, "यंदाचा उन्हाळा बघतो. वाडी पिकली तर वाडी. न्हाय पिकली तर शेठला देऊन टाकतो. माझ्यानं आता विहिरीत डोकवत बसवत न्हाय."

"पिकवून दाखवते," ठकुबाई म्हणाली.

तिला दुसरं काही म्हणता येणारच नव्हतं. वाडी गेली तर ती कोण? नामाची बायको. तशा बायका गावात घराघरांत होत्या.

माघात मात्र नवल झालं. ठकुबाईच्या पाळीला रहाटाचे लोटे दुपारपर्यंत भरून यायला लागले. एरवी अशा सालाला जेवणाच्या वेळेला तळ खरवडायची पाळी यायची. पाट तर तिचा असा, की खेकड्यांच्या बिळांतून आणि भेगांतून निम्मं पाणी वाटेतच जिरायचं. तरीही यंदा भेंडीच्या शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत होतं.

"विहिरीला नवा झरा फुटला," तिनं नामाला सांगितलं.

झराबिरा काही फुटला नव्हता. काशी आपल्या पाळीला सकाळी बैल जुंपायची, मडकी भरायची, आणि न्याहारीच्या वेळेला बैल सोडून द्यायची. दिवसभर रहाट उभा. तिनं न ओढलेलं पाणी विहिरीत राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते ठकुबाईच्या पाटात उतरायचं. ठकुबाईला हे दिसत नव्हतं असं कोण म्हणेल? बैल आंब्याखाली बसून रवंथ करताना तिला रोजच दिसत होता. पण माणसाला जे बघायचं नसतं ते दिसूनही दिसत नाही. तिनं त्या पाण्याच्या जोरावर पलीकडचा पडीक तुकडा खणला, तिथंही भेंडी टोचली आणि नामाला हाताला धरून नेऊन दाखवली. नामा खूश झाला. म्हणाला, शेठला उगाच चहा पाजला.

ठकुबाईचं हसू शिमग्यापर्यंत टिकलं. शिमग्याला काशीचे वेल मांडवावर चढले आणि दुधी लोंबायला लागले. साधे दुधी नव्हेत, हातभर लांब, लव असलेले, हिरवेगार. कारली तर पानाआड मोजता येऊ नयेत इतकी. एवढं थोडं पाणी पिऊन इतकं पीक! ठकुबाई सकाळी तोंड धुवायच्या आधी बांधावर जायची आणि जावेचे दुधी मोजायची. आपल्या भेंड्या तिनं कधी मोजल्या नव्हत्या. काल तेवीस होते, आज एकोणतीस झाले, की ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची. एखाद्याला कीड लागलेली दिसली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग काशी येऊन तो किडका दुधी काढून टाकायची आणि राहिलेले आणखीच देखणे दिसायचे.

त्यात काशीचा स्वभाव. दर बाजाराच्या दिवशी ती एक दुधी थोरल्या घरी आणून द्यायची. न बोलता उंबऱ्यावर ठेवायची आणि जायची. बरं, दिला तर दिला, चांगल्यातला चांगला द्यायची! ठकुबाईनं तो मुद्दाम कसातरी शिजवावा, मीठ कमी टाकावं, तर नामा बोटं चाटत म्हणायचा, "काशीचा दुधी म्हंजे लोनी हाय लोनी."

"मग त्यावरच पोट भरा. डाळ न्हाय मिळनार आज."

"अगो, मी काय म्हनलो?"

"काय न्हाय म्हनलात. खावा."

खरा दणका बसला तो बाजारात. ठकुबाईनं टोपली उतरवली, धोंडूबाईनं एक भेंडी उचलून टोक मोडून बघितलं आणि म्हणाली, "कवळी हाय गो ठके. अशा सालात अशी भेंडी कुनाची न्हाय."

"हात लागतो त्याला," ठकुबाई म्हणाली.

"हात तर लागतोच. पन काशीचं उरलेलं पानी पन लागतं!" धोंडूबाई मोठ्यानं हसली. "तुझा दीर आलेला परवा, त्यानं सांगितलं. धाकली मडक्यांनी भागवते म्हनून थोरलीचा पाट वाहतो. हार घाल गो तिच्या गळ्यात एक."

शेजारच्या चार बायका हसल्या. वाईट मनानं हसल्या असंही नाही, बाजारात हसतात तशा हसल्या. पण ठकुबाईच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. वीस उन्हाळ्यांचं नाव, आणि ते त्या मुकीच्या शिल्लक पाण्यावर! जे ती दोन महिने स्वतःपासून लपवत होती ते धोंडूबाईनं भर बाजारात उघडं करून ठेवलं होतं. ती तशीच तडक घरी आली. पायांत चपला आहेत की नाहीत हेसुद्धा तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी काशीची पाळी. काशी मडकी भरून बैल सोडत होती, आणि विहिरीच्या काठावर पुतळाबाई कपडे आपटत होती. पुतळाबाई विधवा, तिचा मोठा तुकडा विहिरीला लागूनच होता, पण तिच्याकडं पाण्याचा हक्क नव्हता म्हणून उन्हाळाभर पडून असायचा. ठकुबाई कमरेला पदर खोचून आली.

"बैल सोडू नको."

"झालं माझं, जाऊबाई."

"न्हाय झालं. दिवस मावळंपर्यंत तुझी पाळी हाय. तुझ्या वाटनीचं एकून एक पानी तू ओढायचं. तुझं उष्टं पानी माझ्या भेंडीला नको."

काशी गोंधळली. "पानी कुठं उष्टं होतं? विहिरीत राह्यलं तर दोघींचं राह्यलं."

"वाटनी म्हंजे वाटनी. तू बाजारभर सांगत फिरायचं का, थोरली माझ्यावर जगते म्हनून?"

"मी कुनाला काय सांगितलं न्हाय."

"तुझ्या नवऱ्यानं सांगितलं. एकच ते. उपकार नकोत मना कुनाचे."

"पन मी ओढून टाकू कुठं? येलांना जास्त झालं तर मुळं कुजतात."

"खाडीत टाक!"

पुतळाबाईनं हातातलं लुगडं दगडावर ठेवलं. "खाडीत कशाला गो? माझ्या तुकड्यात टाक. अर्धेलीनं कर, काशे. अर्धं तुझं, अर्धं माझं. मडकी पुर, काय पुरायचं ते पुर."

काशीनं बैलाची दोरी हातात तशीच धरून ठेवली. मग तिनं ठकुबाईकडं बघितलं आणि विचारलं, "जाऊबाई, करू?"

बघा, विचारलं तिनं! एका शब्दानं थांबली असती. पण ठकुबाईला त्या विचारण्याचाच जास्त राग आला. परवानगी मागते, म्हणजे पुन्हा चांगली तीच!

"कर की! मना कशाला इचारतेस?"

आठ दिवसांत काशीनं पुतळाबाईच्या तुकड्यात अडीचशे मडकी पुरली. मडकी कमी पडली तिथं काकडी लावली आणि तिला पाट काढला. आता तिच्या पाळीला रहाट दिवस मावळेपर्यंत करकरत राहायचा. दोन बाया मजुरीला यायच्या. कमी पाण्यात जास्त पिकवायची युक्ती काशीकडं होतीच, आता सगळं पाणी घ्यायची मुभाही तिला मिळाली होती. मग ती पाणी वाचवील कशाला? कुणीच वाचवलं नसतं.

चैत्र लागला तसे ठकुबाईच्या पाळीला लोटे अर्धे यायला लागले. मग गढूळ. मग दुपारच्या आधी नुसताच चिखल. तिचा भेगाळलेला पाट तेवढं पाणी दोन सरींतच पिऊन टाकायचा. पडीक तुकडा खणून वाढवलेली भेंडी पहिली माना टाकायला लागली, आणि तिला वाचवायला दिलेलं पाणी जुन्या भेंडीच्या तोंडचं गेलं. तिकडं पलीकडं काकडी, कारली, दुधी, टोपल्यांवर टोपल्या. पुतळाबाईच्या हातात इतक्या वर्षांनी चांदीचा गोठ दिसला. बाजारात धोंडूबाईनं ठकुबाईची भेंडी मोडून बघितली तर ती मोडेचना.

"ही भेंडी का काठी गो?" म्हणून तिनं टोपली बाजूला सारली आणि काशीच्या काकड्यांना हात घातला.

त्या दिवशी ठकुबाईला खरोखर वाटलं की काशी मरावी. वाटलं ते वाटलं, आता खोटं कशाला सांगू? घरी आल्यावर तिनं देवासमोर दिवा लावला आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली, पण वाटायचं ते थांबलं नाही.

नामा म्हणाला, "शेठ येतो म्हनतो."

"अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबा."

"काय होनार हाय तंवर?"

"थांबा म्हनते ना!"

'तू पहिल्यासारखं पाणी सोड' असं काशीला म्हणायची सोय तिनं स्वतःच ठेवली नव्हती. एकच वाट होती. मडकी पुरायची. पण काशीच्यासारखी नव्हे, काशीपेक्षा चांगली पुरायची, आणि तिला एका अक्षरानं न विचारता पुरायची.

ती भिवंडीत कुंभारांच्या आळीत राघोकडं गेली. आता मडकं कसं घ्यावं हे काय ठकुबाईला शिकवायला हवं? आमच्याकडची कुठलीही बाई मडकं उचलते, कानाशी धरते, बोटाच्या पेरानं टिचकी मारते. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर खाली ठेवायचं. ठकुबाई एकेक वाजवत बसली. बद्द वाजणारी एका बाजूला, खणखणीत दुसऱ्या बाजूला.

"तुमच्याच गावची एक बाई नेते मडकी," राघो म्हणाला. "पन ती उलटी. सगळी बद्द वाजनारी, कच्ची भाजलेली उचलते. निम्म्या दरात नेते. मी आपला देतो, कशाला बोलू?"

ठकुबाईच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू फुटलं. म्हणजे काशी फसली! पैसे वाचवायला कच्चा माल घेऊन गेली. येड्या बाईची मडकी पावसाळ्यात विरघळून माती होतील.

"मना चांगली द्या," ती म्हणाली. "जाड, घोटलेली, खनखनीत."

"ही बघा. वरीसभर पानी ठेवा, बाहेरून हात लावा, हाताला ओल लागायची न्हाय."

"अश्शी पायजेत!" ठकुबाई म्हणाली आणि दुप्पट दर देऊन शंभर मडकी घेतली. गाडीत वरून पेंढा टाकून ती गावात आणली, म्हणजे कुणाला दिसू नयेत. भेंडीच्या सरींत दर चार रोपांमधे एक, अशी तिनं आणि नामानं मिळून ती पुरली. काठोकाठ भरली. करवंट्या घातल्या. आणि पाटाचं तोंड तिनं दगडमाती टाकून बंद केलं. आता पाट हवा कशाला?

दोन दिवसांनी तिची पाळी आली. तिनं करवंटी उचलली तर मडकं काठोकाठ. दुसरं उचललं, तेही भरलेलं. ठकुबाई हरखली.

"बघा!" तिनं नामाला बोलावलं. "काशीची मडकी दिसाआड रिकामी होतात. माझी बघा, थेंब कमी न्हाय. पैकं जास्त गेलं, पन माल बघा."

नामानं डोकं खाजवलं. "पन मग भेंडी काय पिते?"

"पिते ती. तुमाला शेतीतलं काय कळतं?"

चौथ्या दिवशीही मडकी भरलेलीच. त्या दिवशी तिनं बैलसुद्धा जुंपला नाही. भेंडीची पानं दुपारी मिटायला लागली होती, पण ते उन्हानं, असं ती म्हणाली. सहाव्या दिवशी ती सकाळीही मिटलेली होती. तिनं न ओढलेलं पाणी विहिरीत साचलं आणि पाळी बदलली की काशीच्या मडक्यांत गेलं.

काशीच्या लक्षात आलं ते त्याच्यावरूनच. अशा वैशाखात विहिरीला पाणी चढलं कसं, म्हणून ती बघायला निघाली आणि बांध ओलांडून आली. ठकुबाई सरीत बसली होती. एक रोप उपटून त्याचं मूळ बोटांनी चोळत होती. मूळ वाळून दोऱ्यासारखं झालेलं.

काशीनं एका मडक्याची करवंटी उचलली, आत बघितलं. मग मडक्याच्या गळ्यावर टिचकी मारली. भरलेल्या मडक्यातूनही खण्ण वाजलं. तिचा चेहरा उतरला.

"जाऊबाई, ही मान्सांची मडकी. येलांना बद्द लागतात, कच्ची, पाझरनारी. ह्यांतनं थेंब भाईर यायचा न्हाय." मग करवंटी पुन्हा पालथी घालत, "मना इचारायचं होतंत."

"इचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"म्हंजे काय? सांगितलं असतंच की."

"म्हनून तर न्हाय इचारलं," ठकुबाई म्हणाली.

काशी तिच्याजवळ बसली. आठ वर्षांत बोलली नसेल एवढं ती त्या दिवशी बोलली. अजून निम्मी भेंडी वाचेल म्हणाली. माझ्या दोन पाळ्या तुम्ही घ्या, आज पाट उघडा, माझी साठ मडकी काढून हितं आणू. ठकुबाई दुसरं रोप उपटून त्याचं मूळ चोळायला लागली. मग काशी उठून नामाकडं गेली.

संध्याकाळी नामा ओटीवर येऊन बसला. "काशी म्हनते, आपली वाडी ती करील. पुतळाबाईची करते तशी. अर्धं तिचं, अर्धं आपलं, मडकीबिडकी सगळी तिची. तू बी संगं ऱ्हा म्हनते. तसं झालं तर वाडी ऱ्हाते. न्हायतर शेठ उद्या इसार घेऊन येतोय. वीस वरसं तू राबलीस, म्हनून तुला इचारतो. काशी, का शेठ?"

ठकुबाईनं डोळे मिटले. तिला तिची वाडी दिसली, भरलेली, हिरवी, पुढच्या शिमग्याची. आणि धोंडूबाई दिसली, टोपलीतली भेंडी मोडून बघताना. काशीची भेंडी आली का, असं गिऱ्हाईक विचारताना तिला ऐकू आलं. तिच्या मातीतली, तिच्या सरीतली, काशीची भेंडी.

"शेठ," ती म्हणाली.

नामा तिच्याकडं बघत राहिला. "नीट इचार कर."

"केला. शेठला द्या. आन् मी सांगितलं असं कुनाला बोलू नका."

वाडी गेली. वाडीबरोबर विहिरीचा अर्धा हक्कही गेला, कारण कागदावर ते एकच होतं. शेठनं शेड बांधली, मागं कामगारांच्या वीस खोल्या बांधल्या आणि विहिरीवर विजेची मोटर बसवली. मोटरला कसली पाळी? बटण दाबलं की ती ओढते. रामू दोनदा भांडून आला. शेठ गोड बोलला, "अरे भाई, तुम्हारा आधा है ना, ले लो," आणि मोटर चालूच राहिली. पुढच्या उन्हाळ्याला काशी आपल्या पाळीला गेली की विहिरीत वीतभर गाळ. तिच्याइतकं पाणी जपणारी बाई पंचक्रोशीत नव्हती, पण जपायलाही पाणी लागतं. पुतळाबाईच्या तुकड्यातले वेल फाल्गुनातच गेले. मग साठ मडक्यांवरचे गेले.

ठकुबाईला त्या दिवसांत शांत झोप लागायची. रोज सकाळी ती परसातून वाळणारे मांडव मोजायची. वाईट वाटायचं, पण त्याच्या तळाला थोडं बरंही वाटायचं, आणि ते बरं वाटणं तिला कुणाला दाखवता येत नव्हतं. गावाला वाटत होतं नामानं बायकोला न विचारता वाडी विकली. बाया येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवून जायच्या, आणि ती फिरवू द्यायची.

पावसाळ्यानंतर दोन्ही जावा त्याच शेडीत कांड्या भरायला लागल्या. लूमच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. बायकांची एक ओळ भिंतीशी बसायची, मागं लूमचा खडखडाट, बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. मोजून कांड्या, तेवढी मजुरी. ठकुबाईचा हात भेंडी तोडायला घडलेला, सूत तिच्या बोटांत टिकेना. काशीची टोपली दुपारपर्यंत शिगोशीग भरायची. मुकादम येता जाता म्हणायचा, "काशीबाईका काम देखो, एक तार ढीला नहीं."

एका दुपारी काशीनं आपल्या टोपलीतून दोन ओंजळी कांड्या काढल्या आणि ठकुबाईच्या टोपलीत टाकल्या. ठकुबाईनं एकेक करून त्या परत टाकल्या. काशीनं पुन्हा दिल्या.

"घ्या हो, जाऊबाई. तुमची वाडी गेली. तुमाला किती लागलं असंल."

ठकुबाईनं हातातली कांडी खाली ठेवली. ती काशीच्या कानाशी वाकली आणि लूमच्या आवाजावर ओरडली, "वाडी ह्यांनी न्हाय दिली! मी द्या म्हनलं! तुला मिळू नये म्हनून!"

काशीचे हात थांबले नाहीत. सुताचं टोक तिनं जिभेला लावलं, नव्या कांडीवर बसवलं.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "थोरल्या भावजींनी त्याच दिशी सांगितलं."

मग तिनं ठकुबाईची टोपली आपल्याकडं ओढली आणि तिच्यासाठी कांड्या भरायला घेतल्या. ठकुबाईला वाटलं, हिनं एकदा, फक्त एकदा शिवी द्यावी. ती वाट बघत बसली. काशीनं शिवी दिली नाही, आणि शिफ्ट सुटायला अजून चार तास होते.